वजीराच्या तोंडातला खजूर

वजीराच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ओमानमधल्या बरका गावातल्या सगळ्या कोकणी मंडळींना ठाऊक होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा व्हिसा अडकला, कुणाच्या सासूने गावाहून फोनवर काय सुनावलं, सगळं वजीराकडे सकाळी पोहोचायचं आणि दुपारच्या आत मासळी बाजारापर्यंत जायचं. बाई मनाने सोन्यासारखी. पण समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं तिला जन्मात जमलं नव्हतं. "मला वाटतं की..." असं कुणी म्हणालं की पुढचं काय वाटतं ते वजीराच सांगून मोकळी व्हायची.

तिचा नवरा हसन बाजाराजवळ मासेमारीची जाळी आणि दोरखंड विकायचा. दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, राबणं हसनचं. तो बोलायचा कमी. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी त्याला बोलायला जागाच कुठे मिळाली होती म्हणा! आणि या दोघांची एकुलती एक लेक अफशा, आठ वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये तिसरीत.

ऑक्टोबरात शाळेने पालकांना बोलावलं, तेव्हा वजीरा नवी ओढणी घेऊन, मान ताठ करून हसन आणि अफशासोबत गेली. अफशाचं इंग्रजी वाचन म्हणजे तिच्या अभिमानाची गोष्ट होती. रोज संध्याकाळी मायलेकी पुस्तक घेऊन बसायच्या आणि पोर फाडफाड वाचायची. वजीरा स्वतः रत्नागिरीला दहावीपर्यंत शिकलेली, तिला इंग्रजी वाचता यायचं. त्यामुळे लेकीचं वाचन ऐकून तिचा ऊर भरून यायचा.

वर्गशिक्षिका वैशाली टीचर अकोल्याकडच्या. नवरा सोहारला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर होता, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. बाई शांत होत्या, पण नजर फार तीक्ष्ण. "वजीराताई, अफशाच्या वाचनाबद्दल जरा बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"बोलायचं कशाला, ऐकाच ना टीचर!" म्हणत वजीराने पिशवीतून घरचं बकरीच्या गोष्टीचं पुस्तक काढलं. "अफशा, वाच गो!"

अफशा वाचू लागली. बोट ओळीवरून सरकतंय, आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. वजीराने हसनकडे अशा काही नजरेने बघितलं की जणू पोरीने कलेक्टरची परीक्षा दिली. अफशाने पान उलटलं, पुढचंही वाचलं, आणि पुस्तक मिटलं.

वैशाली टीचरांनी ते पुस्तक हातात घेतलं. मधली दोन पानं मुरंब्याने एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती नखाने अलगद सोडवली आणि आतलं पान वजीरापुढे धरलं. अफशाने ते पान न उघडताच शब्दन् शब्द वाचून दाखवलं होतं.

वजीराला आधी कळलंच नाही. मग कळलं. पोर वाचतच नव्हती. आई वाचायची, पोर ऐकायची आणि पाठ म्हणायची. जरा कुठे अडली की आईच्या ओठांकडे बघायची, आणि आईचे ओठ तर काय, तयारच. दोन वर्षं घरात ही पोपटपंची चालली होती आणि पोपटाला दाणे घालत होती ती स्वतः वजीराच.

टीचरांनी अफशासमोर एक नवीन पान ठेवलं, शंभर शब्दांचं. अकरा शब्द बरोबर आले.

घरी येताना बरक्याच्या वळणावर हसनने गाडी बाजूला घेतली.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "एप्रिलात तुम्ही दोघी गावाला जा. पोरीला तिकडे शाळेत घालू. इकडे तिची वर्षं फुकट जातायत."

"आणि तुम्ही?"

"मी राहीन इकडे. सगळे राहतात तसा."

वजीराला ते राहणं माहीत होतं. एका खोलीत सहाजण, कपड्यांच्या दोरीवर सहा लुंग्या आणि वर्षातून एकदा तीस दिवसांची सुट्टी. तिचा स्वतःचा बाप असाच बावीस वर्षं परदेशात राहिला होता. तो कायमचा घरी आला तेव्हा वजीरा लग्नाची झाली होती. बापाला तिची आवड माहीत नव्हती आणि तिला बापाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. म्हणजे बघा, वजीराला बोलायला सुचत नव्हतं! ते तिच्या लेकीच्या वाट्याला यावं, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला.

"वर्षाच्या शेवटी परीक्षा हाय ना," ती म्हणाली. "असंच न वाचलेलं पान. शंभरातले नव्वद आले तर?"

हसनने गाडी सुरू केली. "नव्वद आले तर राहा," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजावरून कळत होतं की विमानाच्या तिकिटांच्या एजंटला सीट धरायला सांगायचं त्याच्या मनात पक्कं झालंय.

दुसऱ्याच दिवशी वजीरा शाळेत हजर.

"टीचर, मी काय करू? मी तिला रोज दोन तास शिकवते. तीन तास शिकवू? चार? आमच्या शेजारची फरिदा म्हणते ट्यूशन लावा, पण मी म्हटलं—"

"तुम्ही शिकवणं थांबवा," वैशाली टीचर म्हणाल्या.

वजीराचं तोंड उघडं राहिलं, आणि टीचरांनी ती संधी साधली. त्या सांगू लागल्या की गेल्याच महिन्यात मस्कतमधल्या अल् खुवैरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. शिकवायला आल्या होत्या न्यूझीलंडच्या एक बाई. त्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. माओरी मुलांबद्दल तिथे वर्षानुवर्षं हेच बोललं जायचं की ही मुलं वाचनात कच्ची, यांच्या घरीच वाचनाचं वातावरण नाही. मग काही शिक्षकांनी उलटं केलं. घराला नावं ठेवायचं सोडून घरच्यांनाच हाताशी धरलं. आया, आज्या, मावश्या, जे कुणी मुलाशेजारी बसेल त्याला तीनच गोष्टी शिकवल्या. मूल अडलं की थांबायचं. मनात पाच मोजायचे. तरी नाही आलं तर शब्द सांगायचा नाही, नुसती वाट दाखवायची. आणि जमलं की शाबासकी द्यायची, तीही कशाबद्दल ते नीट सांगून.

"हे माओरी लोक राहतात कुठे, समुद्राकाठी?" वजीराने विचारलं.

"बरेचसे, हो. मासेमारीही करतात."

"म्हणजे आमच्यासारखेच की!" वजीराचा चेहरा उजळला. त्या न पाहिलेल्या बाईंशी तिने तिथल्या तिथे नातं जोडून टाकलं. "माओरी बायला जमलं तर मला का नाय जमणार? पाच मोजायचे ना नुसते?"

नुसते! अहो, उपाशी राहायला सांगितलं असतं तर ते वजीराला सोपं गेलं असतं. पहिल्या संध्याकाळी अफशा पहिल्याच ओळीत अडली. वजीराने मनात 'एक' म्हटलं आणि 'दोन'च्या जागी तोंडातून तो इंग्रजी शब्दच बाहेर पडला. दुसऱ्या वेळी तिने हात तोंडावर दाबला, तर शब्द बोटांच्या फटीतून आला. तिसऱ्या वेळी ओठ घट्ट मिटले, पण भुवया, डोळे आणि मान मिळून इतकी मदत करू लागले की अफशाला हसू फुटलं. आठवडाभर हाच तमाशा. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं, पण वजीराच्या जिभेला दमसुद्धा नव्हता.

आठव्या दिवशी फरिदाने घरचा फर्द जातीचा खजूर आणून दिला. वजीराने एक तोंडात टाकला, आणि नेमकी त्याच वेळी अफशा अडली. वजीरा शब्द सांगायला गेली, पण तोंडात खजूर! तो चावायचा, बी बाजूला सारायची, गर गिळायचा, बी तळहातावर काढायची. एवढं होईपर्यंत पोर आईच्या ओठांकडे बघत राहिली. ओठांवर तर काहीच वाचता येईना, नुसतं चघळणं. मग नाइलाजाने तिने खाली पुस्तकात बघितलं.

"बास्केट," अफशा म्हणाली.

वजीराने बी हातात धरून तिच्याकडे बघितलं. "काय म्हणालीस?"

"बास्केट. अम्मी, मीच वाचलं! तू नाय सांगितलंस!"

त्या घरात जो आरडाओरडा झाला, तो ऐकून फरिदा चप्पल न घालता धावत आली. वजीरा फरिदालाच मिठी मारून नाचत होती, अफशा सोफ्यावर उड्या मारत होती आणि दोघी "बास्केट, बास्केट" ओरडत होत्या. फरिदाला वाटलं की हसनला लॉटरी लागली.

तेव्हापासून नियमच झाला. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी पुस्तक, एक वाटी खजूर आणि एक रिकामी वाटी. अफशा अडली की वजीरा खजूर तोंडात टाकणार. एका अडलेल्या शब्दाला एक बी. पहिल्या दिवशी सतरा बिया झाल्या आणि वजीराला रात्रीचं जेवण गेलं नाही. "मला शुगर झाली तर त्या माओरी बायला फोन लावीन," ती वैशाली टीचरांना म्हणाली.

पण वाट दाखवायची कशी, हे अडलंच होतं. पाच मोजून झाले, खजूर संपला, तरी पोर गप्प, मग काय? टीचर म्हणायच्या, शब्दाची सुरुवात दाखवा, तुकडे पाडायला सांगा. वजीराला हे कळेना. आणि मग एका दुपारी अफशा मदरशाचा धडा म्हणत बसली होती. अरबी अक्षर, त्याच्या जबर-जेर या स्वरखुणा, मग जोड, मग पूर्ण शब्द. वजीरा कणीक मळता मळता थबकली. लहानपणी मदरशातल्या उस्तानीने छडी आपटून तिच्याकडून हेच तर करून घेतलं होतं. तोच हिज्जे, शब्द फोडून तुकडा तुकडा जोडायचा!

संध्याकाळी इंग्रजी शब्द अडला तेव्हा तिने बी वाटीत टाकली आणि एवढंच म्हणाली, "हिज्जे कर गो."

अफशाने आईकडे बघितलं. "इंग्लिशचा पण हिज्जे होतो?"

"करून तर बघ."

पोरीने बोट शब्दाच्या मधोमध ठेवलं. अर्धा वाचला. बोट सरकवलं. उरलेला वाचला. मग दोन्ही जोडले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून वजीराचे डोळे भरून आले. मुलीकडे किल्ली आधीपासून होती. ती या कुलपालाही लागते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

डिसेंबरात बिया दहावर आल्या, जानेवारीत सहावर. अफशा आता रस्त्याने दुकानांच्या पाट्या वाचायची, तेलाच्या डब्यावरचं वाचायची, सिग्नलला गाडी थांबली की पुढच्या ट्रकवरचं वाचायची. हसन गाडी चालवत ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, "हे पाठ तर केलं नाय ना?" वजीरा इतकी भडकली की अर्धा तास बोलत राहिली. त्या अर्ध्या तासात तिने थांबणं-बिंबणं काही पाळलं नाही.

फेब्रुवारीत रमजानचा चंद्र दिसला आणि शाळेची चिठ्ठीही आली. वाचन परीक्षा रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता. एका पालकाने सोबत बसायला हरकत नाही.

वजीराने चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला. रोजा! सकाळी दहा वाजता तोंडात खजूर कसा ठेवायचा? तिने घाईघाईने वैशाली टीचरांना फोन लावला. "टीचर, घात झाला! परीक्षा इफ्तारनंतर नाय का घेता येणार?"

"वजीराताई, परीक्षा अफशाची आहे," टीचर हसू दाबत म्हणाल्या.

"तुम्हाला माझं तोंड माहीत नाय!"

"चार महिन्यांत चांगलंच माहीत झालंय."

रमजानचे पहिले दिवस अवघड गेले. खजुराशिवाय वजीरा दोनदा घसरली. मग तिने एक जुनी बी घेतली आणि वाचन चालू असेपर्यंत मुठीत घट्ट धरून ठेवली. शब्द जिभेवर आला की मूठ आवळायची. तळहाताला बीचा वळ पडायचा, पण जीभ जागेवर राहायची.

परीक्षेच्या सकाळी हसनने दुकान हाताखालच्या मुजम्मिलवर सोपवलं. एकाच पालकाला परवानगी होती, पण तो दारापाशी येऊन असा उभा राहिला की टीचरांनी मुकाट्याने दुसरी खुर्ची सरकवली.

टेबलावर कोरं करकरीत पान. होडीची गोष्ट होती, शंभर शब्दांची. टीचरांच्या हातात पेन्सिल. चुकलेल्या शब्दाला एक रेघ. दहा रेघांपर्यंत पास, अकरावी पडली की नापास. वजीरा अशा जागी बसली होती की तिला पानही दिसत होतं आणि रेघाही.

"सुरू कर बेटा."

अफशाने बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. आवाज बारीक होता, पाठ म्हणताना असायचा तसा खणखणीत नव्हता. पण प्रत्येक शब्द ती खरोखर बघत होती. तिसऱ्या ओळीत एक रेघ पडली. मग दोन ओळी साफ. मग भराभर तीन रेघा. वजीराची मूठ आवळली. अर्धं पान झालं तेव्हा सहा. एके ठिकाणी अफशा चुकली, थांबली, "नो, नो" म्हणत मागे गेली आणि स्वतःच सुधारून पुढे निघाली. टीचरांची पेन्सिल वर उचलली गेली आणि तशीच खाली आली. वजीराला ओरडावंसं वाटलं. आठ. नऊ. शेवटून दुसऱ्या ओळीत दहावी.

शेवटची ओळ. होडी परत येत होती. कुठे, तो शेवटचा शब्द होता. लांबलचक.

अफशा थांबली. वजीराला शब्द दिसत होता. हार्बर. तो तिच्या घशातून वर चढला, जिभेच्या टोकावर येऊन बसला. एक. दोन.

अफशाने मान वर केली आणि आईच्या ओठांकडे बघितलं.

तीन.

वजीराने ओढणी ओढून तोंडावर घेतली, नाकापर्यंत. वर डोळेही मिटले, न जाणो तेच काही बोलून जातील. चार.

"सांग ना गो तिला!" शेजारून आवाज आला. हसन. खुर्चीच्या टोकाला आलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबलेले. ज्याने एजंटकडे सीट धरून ठेवल्या होत्या, त्याचा आवाज रडवेला झाला होता. "वजीरा, एकच तर शब्द हाय. सांग ना!"

वजीराने ओढणीआडून मान हलवली. नाही. पाच. बी तळहातात रुतली होती. सहा. सात.

"हार," अफशा हळूच म्हणाली. तिचं बोट शब्दाच्या मधोमध होतं. मग ते सरकलं. "...बर. हारबर. हार्बर!" आणि तिने पूर्ण ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, खणखणीत. होडी हार्बरला परत आली होती.

वैशाली टीचरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "नव्वद," त्या म्हणाल्या. "अफशा, अडल्यावर तू शब्दाचे तुकडे केलेस आणि घाई केली नाहीस. शाब्बास!"

वजीराने तोंडावरची ओढणी काढली. आता बोलायची मुभा होती, आणि चार महिन्यांचं साठलेलं होतं. पण ती नुसती रडली, हसली आणि लेकीचे मुके घेत राहिली. हसन खिडकीशी जाऊन फोनवर बोलत होता. "हां, एप्रिलची दोन तिकिटं. नाय, नाय पायजे. रद्द कर. खलास."

संध्याकाळी इफ्तारचं दस्तरखान पसरलं तेव्हा अफशा होडीची गोष्ट घेऊनच बसली. ते पान टीचरांनी तिला भेट दिलं होतं. अजान झाली, पाणी झालं. बापाच्या हातातला पहिला खजूर संपायच्या आत तिने पान त्याच्यासमोर धरलं.

"अब्बा, आता तुम्ही वाचा."

हसनचा हात थांबला. तो गावच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. दुकानातली इंग्रजी बिलं मुजम्मिल वाचायचा, आणि शाळेच्या चिठ्ठ्या वजीरा तो विचारायच्या आतच वाचून दाखवायची. अकरा वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. वजीरासुद्धा नाही. तेवढा एक तीळ मात्र तिच्या तोंडात भिजला होता.

"माझं आता वय झालं," हसन म्हणाला.

"पहिला शब्द तर सोपा हाय. मी थांबते ना."

त्याने पान हातात घेतलं. पहिल्याच ओळीवर त्याचं जाडजूड, दोरखंडाने घासलेलं बोट टेकलं आणि तिथेच राहिलं. वजीराला नवऱ्याची दया आली. ती पुढे झुकली, ओठ उघडले.

अफशाने वाटीतला एक खजूर उचलला आणि आईच्या तोंडात घातला. मग बापाच्या मांडीला टेकून बसली, पानाकडे बघत, आणि मनातल्या मनात मोजू लागली.